मार्फतचा पत्ता आणि फुकटचा आडोसा

आज मोलमजुरी करणाऱ्याच्या घरातही एक तरी स्मार्टफोन असतो. त्याच फोनवर मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो, बँकेतली शिल्लक पाहिली जाते, गावी म्हाताऱ्या आईला पैसे पाठवले जातात आणि रात्री पोरे त्यावरच सिनेमा पाहतात. अशा घरांतल्या तरुणांच्या तोंडी अलीकडे एक शब्द वारंवार येतो. तो शब्द म्हणजे व्हीपीएन. "व्हीपीएन चालू केला की आपण कोण, कुठले, हे कुणाच्या बापाला कळत नाही," असे ही मुले छातीठोकपणे सांगतात. आईवडिलांना त्यातले काही उमगत नाही, म्हणून ते गप्प राहतात.

मुलांचे हे म्हणणे थोडे खरे आहे आणि बरेचसे खोटे आहे. जे खोटे आहे त्याची किंमत कधीकधी सगळ्या घराला मोजावी लागते. म्हणून हा विषय घरातल्या थोरांनीही समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते. त्यासाठी संगणकाचे शिक्षण लागत नाही. ज्याने आयुष्यात एकदा तरी टपालाने पत्र पाठवले आहे, त्याला हे सारे समजेल.

पत्त्याशिवाय पत्र येत नाही

आपण फोनवर एखादे संकेतस्थळ उघडतो, म्हणजे खरे तर त्या संकेतस्थळाच्या संगणकाला एक पत्र पाठवतो. "तुझे पान मला दाखव" एवढाच त्या पत्राचा मजकूर. उत्तर परत यायचे तर पाठवणाऱ्याचा पत्ता हवा. हा पत्ता आकड्यांचा असतो आणि त्याला आयपी पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीचे असे पत्ते जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटी आहेत. ते पुरेनात, म्हणून आता अधिक लांबीचे नव्या पद्धतीचे पत्तेही वापरात आले आहेत. जुन्या पत्त्यांची टंचाई असल्यामुळे मोबाईल कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. एका चाळीला एकच क्रमांक आणि आत पुष्कळ खोल्या, तसा हा प्रकार.

हे पत्ते कुणीही मनाला येईल तसे घेत नाही. त्यांची रीतसर नोंदवही असते. जगाचे पाच भाग करून प्रत्येक भागाची नोंद एक संस्था ठेवते. आशिया-प्रशांत भागाची नोंद ठेवणारी संस्था ॲपनिक ही ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे आहे. कोणता पत्ता कोणत्या कंपनीला दिला, ही नोंद जाहीर असते. त्यावरून आपला देश कळतो, कंपनी कळते आणि पुष्कळदा शहराचाही अंदाज बांधता येतो. मात्र खोलीत राहणाऱ्या माणसाचे नाव या नोंदवहीत नसते. ते नाव फक्त मोबाईल किंवा इंटरनेट कंपनीकडे असते.

मार्फत

गिरणीत कामाला लागलेल्या आपल्या आजोबांना मुंबईत स्वतःचा पत्ता नव्हता, अशी किती तरी उदाहरणे आपल्या घराघरांत सापडतील. त्यांची पत्रे खाणावळीच्या किंवा वाण्याच्या पत्त्यावर येत. वर लिहिलेले असे, 'मार्फत अमुक अमुक'. गावाला वाण्याचा पत्ता ठाऊक, आजोबांची खोली ठाऊक नाही.

व्हीपीएन म्हणजे नेमका हा मार्फतचा पत्ता. आपले पत्र आधी व्हीपीएन कंपनीच्या संगणकाकडे जाते. हा संगणक जर्मनीत असेल, अमेरिकेत असेल. तो ते पत्र स्वतःच्या पत्त्याने पुढे पाठवतो. उत्तर त्याच्याकडे येते आणि तो ते आपल्याकडे पोहोचवतो. संकेतस्थळाला दिसतो तो जर्मनीचा पत्ता.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे प्रॉक्सी. कॉलेजात मित्राची हजेरी दुसऱ्याने लावली की मुले त्याला प्रॉक्सी म्हणतात. इथेही अर्थ तोच, आपल्या वतीने दुसरा बोलतो. फरक इतका की प्रॉक्सी साधारणपणे एखाद्या ॲपची किंवा ब्राउझरचीच पत्रे नेते, आणि ती कुलूपबंद असतीलच असे नाही. व्हीपीएन मात्र सहसा फोनमधली सगळी पत्रे एका कुलूपबंद थैलीत घालून नेतो. वाटेत मोबाईल कंपनीला थैली दिसते, आतले दिसत नाही.

इथे पहिली गाठ मनाशी बांधावी. थैलीची किल्ली व्हीपीएन कंपनीकडे असते. जे आजवर मोबाईल कंपनीला दिसत होते ते आता व्हीपीएन कंपनीला दिसते. पाहणारा बदलला, पाहणे थांबले नाही. आजोबांनी पत्रासाठी वाणी निवडला तो वर्षानुवर्षांच्या ओळखीचा. व्हीपीएन निवडणारा मुलगा मात्र ज्याचे नावगाव ठाऊक नाही अशा दुकानदाराच्या हाती घरची सगळी टपाल देऊन बसतो.

संकेतस्थळाला कसे कळते?

आता मुख्य प्रश्न. मार्फतचा पत्ता दिला तर तो मार्फतचा आहे हे संकेतस्थळाला ओळखता येते का? येते, आणि एका खुणेवरून चुकले तर दुसरीवरून येते.

पहिली खूण नोंदवहीची. घरगुती ग्राहकांचे पत्ते दूरसंचार कंपन्यांच्या नावावर असतात. व्हीपीएनचे संगणक मात्र बहुधा मोठमोठ्या भाड्याच्या संगणक-गोदामांत ठेवलेले असतात. त्यांना डेटा सेंटर म्हणतात. एखाद्या माणसाने सिनेमा पाहायला गोदामातून येणे हेच मुळी संशयास्पद. अमेरिकेतील मॅक्समाइंडसारख्या कंपन्या अशा पत्त्यांच्या याद्या तयार करून विकतात. व्हीपीएनची वर्गणी कुणालाही भरता येते. ती भरायची, एकेक संगणकाला जोडून पाहायचे आणि बाहेर पडणारा पत्ता टिपून घ्यायचा, इतके हे काम सरळ आहे. 'टॉर' नावाची ओळख लपवणारी जी प्रसिद्ध व्यवस्था आहे, ती तर आपल्या बाहेर पडण्याच्या दारांची यादी स्वतःच जाहीर करते.

दुसरी खूण गर्दीची. एकाच मार्फतच्या पत्त्यावरून एका तासात शेकडो वेगवेगळ्या नावांनी लोक येऊ लागले, तर ते घर नसून धर्मशाळा आहे हे पोस्टमनलाही कळेल. चाळीतही गर्दी असते, पण चाळ कोणत्या मोबाईल कंपनीची आहे ते नोंदवहीत लिहिलेले असते.

तिसरी खूण घड्याळाची. ही फार गमतीची आहे. आपला ब्राउझर संकेतस्थळाला विचारल्याबरोबर फोनचे घड्याळ सांगून टाकतो. भारताची वेळ ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास. हा मधला अर्धा तास जगात थोड्याच ठिकाणी आहे. साडेपाच तासांचे घड्याळ भारत आणि श्रीलंका यांचेच. क्रोम हा ब्राउझर तर आपल्या वेळेचे नाव आजही 'एशिया-कलकत्ता' असे जुन्या स्पेलिंगने सांगतो. पत्ता जर्मनीचा, घड्याळ कलकत्त्याचे आणि फोनची भाषा मराठी! शाळेला दांडी मारून आलेल्या पोराने कपाळावरची जत्रेतली बुक्की पुसायला विसरावे, तशी ही गत.

चौथी खूण गळतीची. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी एक व्यवस्था असते, तिला डीएनएस म्हणतात. व्हीपीएन नीट बसवलेला नसेल तर ही चौकशी थैलीत न जाता उघड्यावरून भारतीय कंपनीकडेच जाते. मग पत्र जर्मनीहून आणि चौकशी भारतातून, असा विसंगत प्रकार संकेतस्थळाच्या नजरेस येतो. दुसरी गळती ब्राउझरमधल्या व्हिडिओ-संभाषणाच्या सोयीतून होते. या सोयीचे नाव वेबआरटीसी. दोन माणसे थेट जोडता यावीत म्हणून ती खरा पत्ता शोधते आणि तो संकेतस्थळालाही कळू शकतो. २०१५ साली ही गोष्ट जगजाहीर झाली. तेव्हापासून चांगल्या व्हीपीएननी आणि काही ब्राउझरांनी बंदोबस्त केला, पण निष्काळजी ॲपमध्ये ही फट आजही राहू शकते.

पाचवी खूण मापाची आणि वेळेची. इंटरनेटवरचा मजकूर लहान लहान पुडक्यांतून जातो. नेहमीचे मोठ्यात मोठे पुडके १५०० बाइटचे. थैलीत घालायचे म्हणजे थैलीच्या कापडाला जागा हवी, म्हणून आतले पुडके लहान करावे लागते. वायरगार्ड ही आजची प्रचलित व्हीपीएन पद्धत ते सहसा १४२० बाइटचे करते. मापातल्या या फरकावरून संशय येतो. वेळेचेही तसेच. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर अंदाजे साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन यायला सेकंदाचा आठवा हिस्सा तरी लागणारच. न्यूयॉर्कचा संगणक हाकेसरशी ओ देतो, पण त्याच्यामागचा माणूस प्रत्येक वेळी उशिरा ओ देतो. असे झाले की माणूस दारात नाही, लांब कुठे तरी आहे, हे उघड होते. व्हीपीएन कितीही भारी घ्या, प्रकाशाचा वेग त्याच्या हातात नाही.

यातली कोणतीही एक खूण पुरावा नसते. परदेशी गेलेल्या माणसाचे घड्याळही भारताचे असू शकते. म्हणून संकेतस्थळे खुणांची बेरीज करतात. बेरीज वाढली की कधी 'तुम्ही यंत्रमानव नाही ना' म्हणून चित्रे ओळखायला लावतात, कधी पुन्हा ओटीपी मागतात, कधी दारच बंद करतात.

पत्ता बदलला, चाल तीच

समजा या सगळ्या खुणा पुसल्या. तरी माणूस ओळखू येतो. अंधारातही घरच्या माणसाची चाल आपण ओळखतोच ना? फोनचा पडदा किती रुंद, अक्षरांचे कोणते ठसे आत आहेत, ब्राउझर कोणत्या आवृत्तीचा, चित्र काढायला सांगितले तर तो ते नेमके कसे काढतो, अशा बारीकसारीक गोष्टी जुळवून संकेतस्थळे त्या यंत्राचा जणू अंगठाच घेतात.

अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेचे पीटर एकर्सली यांनी २०१० साली याची पाहणी केली. त्यांनी ४,७०,१६१ ब्राउझर तपासले. त्यांपैकी ८३.६ टक्के ब्राउझर असे निघाले की तसा दुसरा त्या सगळ्या ढिगाऱ्यात नव्हता. नाव नाही, गाव नाही, तरी अंगठा वेगळा! त्यानंतर ब्राउझरांनी काही वाटा बंद केल्या, पण अंगठा घेण्याचे तंत्रही पुढे गेले आहे. टॉर ब्राउझर यावर वेगळी युक्ती करतो. तो आपल्या सर्व वापरणाऱ्यांना शक्य तितके एकसारखे दाखवण्याचा प्रयत्न करतो. सगळ्यांना एकच गणवेश घातला की गर्दीतला एक जण वेगळा काढणे अवघड जाते.

आणि सर्वांत मोठी खूण तर आपण स्वतःच देतो. व्हीपीएन चालू करायचा, आणि मग आपल्याच नावाने, आपल्याच मोबाईल क्रमांकाने गूगलमध्ये किंवा फेसबुकमध्ये शिरायचे! दार लपवले आणि आत जाऊन स्वतःचे नाव पुकारले. शिवाय ॲपला 'स्थान' पाहण्याची परवानगी दिलेली असेल, तर उपग्रहावरून आपली वस्ती त्याला थेट कळते. मार्फतचा पत्ता तिथे काही कामाचा नाही.

'इन्कॉग्निटो' खिडकीबद्दलही असाच गैरसमज आहे. त्या खिडकीमुळे फोनच्या इतिहासात नोंद राहत नाही, एवढेच. संकेतस्थळाला आणि मोबाईल कंपनीला आपण दिसतोच. याच खिडकीतल्या माहितीवरून अमेरिकेत गूगलवर खटला झाला आणि २०२४ साली तडजोडीत तिने अशा जमवलेल्या नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

ओळखतात ते कशासाठी?

प्रत्येक ठिकाणी हेतू वाईटच असतो असे समजू नये. नेटफ्लिक्स कंपनी जानेवारी २०१६ मध्ये भारतासह १३० नव्या देशांत सुरू झाली. त्याच महिन्यात तिने व्हीपीएन आणि प्रॉक्सीवाल्यांना अडवणार असल्याचे जाहीर केले. कारण सिनेमाचे हक्क देशवार विकलेले असतात. बँकेचे कारण याहून महत्त्वाचे. रोज इथूनच व्यवहार करणाऱ्या माणसाच्या खात्यात अचानक परदेशी पत्त्यावरून कुणी शिरले, तर बँकेने थांबवायलाच हवे. चोरालाही मार्फतचा पत्ता आवडतो. त्यामुळे व्हीपीएन चालू ठेवून बँकेचे ॲप उघडले आणि व्यवहार अडला, तर त्यात नवल नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी असे झाले तर मुलीचे वर्ष वाया जाईल, हे ध्यानी असावे.

तिसरा हेतू जाहिरातीचा आणि तो मात्र आपल्या भल्याचा नाही. आपण कोणत्या आजाराची माहिती शोधली, कर्जासाठी किती ठिकाणी विचारणा केली, हे जमवून आपल्यावर नेमकी जाहिरात सोडता येते. अडलेल्या माणसाला चढ्या व्याजाच्या ॲपची जाहिरात दिसते ती काही योगायोगाने नव्हे.

फुकटच्या आडोशाची किंमत

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला ती सांगतो. चांगल्या व्हीपीएनला महिन्याला पैसे पडतात. आपली मुले अर्थातच फुकटचा शोधतात. शेकडो संगणक भाड्याने घेऊन कुणी फुकट सेवा का देईल? काही प्रामाणिक कंपन्या पैसेवाल्या गिऱ्हाइकांच्या जिवावर मर्यादित फुकट सेवा देतात, हे खरे. पण बाकीच्यांचा खर्च निघतो कुठून? त्याची दोन उदाहरणे पाहू.

फेसबुकने २०१३ साली ओनाव्हो नावाची इस्रायली कंपनी विकत घेतली. तिचे फुकट व्हीपीएन ॲप तुमचे रक्षण करते म्हणून सांगितले जाई. प्रत्यक्षात लोक दुसरी कोणती ॲप किती वापरतात, हे त्या थैलीतून फेसबुक पाहत होते. ॲपलने आक्षेप घेतल्यावर २०१८ साली ते आयफोनच्या दुकानातून काढावे लागले आणि २०१९ मध्ये ते बंद झाले. रक्षणाच्या नावाखाली दिशाभूल केली म्हणून ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने २०२३ साली फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला.

दुसरे उदाहरण याहून भयंकर आहे. वर आपण पाहिले की गोदामातला पत्ता लगेच ओळखू येतो. मग गुन्हेगाराला काय हवे? खऱ्याखुऱ्या घराचा पत्ता. तो मिळवण्यासाठी '९११ एस ५' नावाच्या टोळीने मास्क व्हीपीएन, ड्यू व्हीपीएन, शाइन व्हीपीएन अशा नावांची फुकट व्हीपीएन काढली. ज्यांनी ती आपल्या संगणकावर घेतली, त्यांच्या घरचा पत्ता टोळीने परस्पर भाड्याने दिला. लोकांना वाटले, आपण दुसऱ्याच्या आड लपलो. घडले उलटेच, दुसरा त्यांच्या आड लपला! मे २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने ही टोळी मोडली आणि तिच्या सूत्रधाराला पकडल्याचे जाहीर केले. जवळपास २०० देशांतले मिळून १ कोटी ९० लाखांहून अधिक आयपी पत्ते या जाळ्यात होते. कोरोनाच्या काळात अमेरिकेने बेरोजगारांसाठी दिलेल्या मदतीचे ५ लाख ६० हजार खोटे दावे अशा पत्त्यांवरून झाले, आणि त्यातून ५९० कोटी डॉलरहून अधिक रक्कम लुबाडली गेली, असा तिथल्या सरकारचा अंदाज आहे.

या गोष्टीचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. चोरी करणारा कुठे तरी दूर बसलेला, आणि चोरीच्या जागी ठसा उमटलेला कुणा भलत्याच कुटुंबाच्या दाराचा. चौकशी सुरू झाली की पहिली थाप त्याच दारावर पडणार. निर्दोष ठरेपर्यंत कामाचे खाडे, पोलीस ठाण्याच्या खेपा, शेजाऱ्यांच्या नजरा. वकील लावण्याची ऐपत असलेला यातून लवकर सुटेल. हातावर पोट असलेल्याचे काय? फुकटचा आडोसा गरिबालाच सर्वांत महाग पडतो, तो असा.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात व्हीपीएन वापरणे हा सरसकट गुन्हा नाही. जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत २०२५ साली तात्पुरत्या बंदीचे आदेश निघाले होते, पण देशभर तशी बंदी नाही. अर्थात व्हीपीएन लावून केलेला गुन्हा हा गुन्हाच. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने आदेश काढला की व्हीपीएन देणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क आणि दिलेला आयपी पत्ता यांची नोंद किमान ५ वर्षे ठेवावी. कचेऱ्यांच्या अंतर्गत व्हीपीएनना यातून वगळले. हा आदेश मान्य नसल्याने एक्सप्रेस व्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्ड व्हीपीएन या कंपन्यांनी त्याच वर्षी भारतातले आपले संगणक हलवले. म्हणजे 'आमच्याकडे कसलीही नोंद नसते' असे कुणी सांगितले, तर ते कोणत्या देशात आणि कोणत्या कायद्याखाली, हे आधी विचारावे.

दुसऱ्या बाजूने, खाजगीपणा हा आपला हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि घटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्कात तो सामावलेला आहे. हा खटला लढवणारे के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने केला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. माहिती वापरण्याची संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे, असे हा कायदा म्हणतो.

"आपल्याकडे लपवायला आहे काय?"

पुष्कळ वडीलधारी माणसे म्हणतात, "आम्ही गरीब माणसे, आमचे कुणी काय नेणार?" त्यांना आम्ही टपालाचीच आठवण देतो. खुशालीचे दोन शब्द आपण पोस्टकार्डावर लिहीत होतो. पण मुलीच्या सोयरिकीची बोलणी, घरातले आजारपण, भावाभावांतला जमिनीचा वाद हे आंतर्देशीय पत्रात लिहून त्याची कड चिकटवीत होतो. त्यात गुन्हा काही नव्हता. घरातली गोष्ट घरात राहावी, एवढीच इच्छा होती. ती कड चिकटवण्याचा हक्क श्रीमंताइतकाच मजुरालाही आहे. फक्त ती कशाने चिकटवावी, हे कळले पाहिजे.

घरात काय करावे?

फोनच्या वरच्या पट्टीत किल्लीचे चित्र दिसत असेल तर व्हीपीएन चालू आहे. सेटिंगमध्ये व्हीपीएन या नावाखाली कोणते ॲप आहे ते पाहावे. कुणी टाकले, कशासाठी टाकले, हे घरात कुणालाच सांगता येत नसेल तर ते काढून टाकावे.

व्हीपीएन खरोखर लागत असेल, उदाहरणार्थ मुलाच्या कचेरीच्या कामासाठी, तर कचेरीने दिलेलाच वापरावा. स्वतः घ्यायचा झाल्यास कंपनी कुणाची, पैसे कुठून मिळवते आणि बाहेरच्या तपासनीसांकडून तपासणी करून घेते का, हे पाहूनच घ्यावा. जाहिरातीतल्या कुलपाच्या चित्राला भुलू नये.

बँकेचे, शिष्यवृत्तीचे, सरकारी अर्जाचे काम करताना व्हीपीएन बंद ठेवावा. संकेतस्थळाच्या पत्त्याची सुरुवात 'एचटीटीपीएस' अशी आहे ना, ते पाहावे. या कुलपामुळे वाटेतल्या माणसाला आपला मजकूर वाचता येत नाही, आणि त्याला पैसे पडत नाहीत. मात्र कुलूप आहे म्हणून दुकान प्रामाणिक आहे असे होत नाही, म्हणून नावाचे स्पेलिंग नीट वाचावे.

विजेरीच्या ॲपला आपले स्थान कशाला हवे? खेळाच्या ॲपला आपले संपर्क कशाला? सेटिंगमध्ये जाऊन अशा परवानग्या काढाव्यात. अँड्रॉइड फोनमध्ये जाहिरातीसाठी दिलेला ओळख-क्रमांकही पुसता येतो. फोनचे आणि ॲपचे अद्ययावत रूप वेळोवेळी घ्यावे.

एकच फोन चौघे वापरत असतील, तर एकाच्या शोधाचा माग दुसऱ्याच्या जाहिरातीत उमटतो. आईने दुखण्याबद्दल काही विचारले असेल, तर ते पोरांसमोर पडद्यावर यावे असे तिला वाटत नसेल. अशा वेळी शोधाचा इतिहास पुसणे किंवा इन्कॉग्निटो खिडकी वापरणे योग्य. ती खिडकी जगापासून लपवत नाही, पण घरातल्या घरात मर्यादा राखते.

फसवणूक झाली, पैसे गेले, तर लाजून घरी बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक.

तरुण मित्रांना शेवटी एवढेच सांगणे. खाजगीपणा राखण्याची तुमची इच्छा रास्त आहे, तिची चेष्टा आम्ही करणार नाही. पण मार्फतचा पत्ता देण्यापूर्वी मार्फत कोण, हे विचारा. आणि आईवडिलांनो, मुलांच्या हातातून फोन हिसकावून प्रश्न सुटत नाही. येत्या सुट्टीच्या दिवशी मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा, हा लेख तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि घरच्या फोनमध्ये किती अनोळखी मंडळी मुक्कामाला आहेत ते दोघे मिळून मोजा.